ओब्लोमोवच्या पायात मोजे कोण घालत होतं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत इवान गोंचारोव या रशियन लेखकाच्या ‘ओब्लोमोव’ कादंबरीवरचा लेख वाचला. दोनदा वाचला. १८५९ साली छापून आलेल्या कादंबरीची आज कुणी मराठी वाचकाला आठवण करून देतं, याचं मला खरंच बरं वाटलं. पण लेख संपता संपता एक वाक्य आहे. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावच्या चाळीचाळीतून असेच ओब्लोमोव पडून राहिले आणि मुंबई त्यांना मागे टाकून पुढे गेली, अशा अर्थाचं. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी लालबागची. वय ७१. लग्न होऊन १९७४ साली रत्नागिरीकडून या चाळीत आले. सासूबाईंची खाणावळ होती, ती त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे एकटीनं चालवली. आमचे मालक गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. म्हणजे तुमच्या लेखकांनी ज्यांना पडून राहिलेले म्हटलं, त्यांना मी वाढलेलं आहे. कुणाला किती भाकऱ्या लागतात, कोण आमटी घेत नाही, कोण पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे देतो आणि कुणाला आठवण करावी लागते, हे मला माहीत आहे.

आणि ती कादंबरीही मला माहीत आहे. मी अकरावीपर्यंत शिकले, इंग्रजी पुस्तक माझ्यानं वाचवत नाही. माझी मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं हे पुस्तक फार वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलं होतं, पानं पिवळी पडलेली, कव्हराला चिकटपट्टी लावलेली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सगळं बंद, चाळीचा जिनासुद्धा दोरी लावून बंद केलेला, तेव्हा ते तिनं माळ्यावरून काढलं. ती एक पान मनात वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मी समोर बसून लसूण सोलायची नाही तर तांदूळ निवडायची. रोज दुपारी दीड-दोन तास. तीन महिने पुरलं आम्हाला. मध्येच मी तिला थांबवायची, हे परत सांग म्हणायची. एवढ्या सावकाश कुणी ही कादंबरी वाचली असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या भागात इल्या इलिच ओब्लोमोव बिछान्यातच असतो. सकाळी आठला जागा होतो, उठायचं ठरवतो. गावाकडून मुकादमाचं पत्र आलंय की उत्पन्न घटलं, आणि इकडे घरमालक म्हणतोय जागा खाली करा. दोन्ही कामं उरकायला हवीत. पण माणसामागून माणूस भेटायला येतो, चहा होतो, दुपार होते, काम तसंच राहतं. अंगात त्याचा तो सैल झगा. पलंगाखाली सपाता अशा ठेवलेल्या की न बघता पाय खाली सोडले की बरोबर सपातांत जावेत. आरशांवर धूळ एवढी की बोटानं हिशेब लिहून ठेवता येईल. तुमच्या लेखकांनी हे सगळं छान सांगितलं आहे. पण ज्या प्रसंगावर माझी मुलगी थांबली आणि मी हातातला लसूण खाली ठेवला, तो त्यांच्या लेखात नाही.

त्याचा नोकर आहे झाखार. म्हातारा, गालावर मोठे कल्ले, काखेत फाटलेला राखाडी कोट. जागा बदलण्याचा विषय निघतो तेव्हा झाखार सहज म्हणून जातो की इतर लोक बदलतातच की घरं, आपण का नाही बदलायची. झालं. इल्या इलिचला हे एवढं लागतं की काय सांगावं. मी म्हणजे ‘इतर’? तो झाखारला समोर उभा करतो आणि ‘इतर’ म्हणजे काय ते समजावतो. इतर म्हणजे जो स्वतःचे बूट स्वतः पुसतो, कपडे स्वतः चढवतो. आणि मी? माझ्या पायात मोजा मी जन्मात कधी स्वतःच्या हातानं घातलेला नाही! हे तो अभिमानानं सांगतो. आणि बोलत राहतो, इतका की झाखार रडायला लागतो.

त्यापुढं त्याचं स्वप्न येतं. हा भाग गोंचारोवनं आधीच, १८४९ साली, वेगळा छापला होता, बाकीची कादंबरी यायला आणखी दहा वर्षं लागली. ओब्लोमोवका हे त्याचं गाव, तिथलं त्याचं लहानपण. पोराला पळायचं असतं, बर्फात खेळायचं असतं, पण आई, आत्या, दाई मागे लागलेल्या, पडशील, सर्दी होईल. काही हवं म्हटलं की तीन-चार नोकर धावतात. चौदा वर्षांचा झाला तरी आडवा पडून पाय पुढे करतो आणि झाखार त्याच्या पायात मोजे चढवतो. मनासारखं झालं नाही तर तो पाय झाखारच्या नाकावर बसतो. त्याच गावात एकदा टपालानं पत्र येतं, तर सगळं घर घाबरतं. पत्र तीन-चार दिवस उघडतच नाहीत. उघडलं तर काय, कुणी तरी बिअर कशी करायची त्याची कृती मागितलेली. त्याचंही उत्तर आज लिहू, उद्या लिहू.

आणि आकडा. ओब्लोमोवकडे ३५० ‘जीव’, म्हणजे त्याच्या जमिनीला बांधलेले वेठबिगार, होते. रशियात तेव्हा जमीनदाराची श्रीमंती अशी मोजायचे, एवढे जीव, तेवढे जीव. मुलीनं मला सांगितलं की हे जीव म्हणजे फक्त पुरुष. बायका त्या मोजणीत धरतच नसत. म्हणजे शेतात राबणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, त्या पोराला दूध पाजणाऱ्या बायका त्या आकड्याच्या बाहेर, वेगळ्याच. ही वेठबिगारी कायद्यानं संपली ती १८६१ साली, म्हणजे कादंबरी आल्यावर दोन वर्षांनी. दोब्रोल्युबोव नावाचा तेवीस वर्षांचा टीकाकार, त्यानं कादंबरी आली त्याच वर्षी मोठा लेख लिहून विचारलं होतं की हा ओब्लोमोवपणा म्हणजे काय. त्याचं बोट होतं तिथंच. दुसऱ्याच्या कष्टावर वाढलेल्या माणसाच्या हातापायातली आणि मनातलीही ताकद जाते, त्याला ठरवायची सवयच लागत नाही, कारण ठरवलं नाही म्हणून त्याचं कधी काही अडलेलंच नसतं.

आता माझा साधा प्रश्न आहे. आमच्या चाळीत असे साडेतीनशे जीव कुणाकडे होते?

आमच्या मजल्यावर कोपऱ्याला गाळा होता. गावकऱ्यांचा. त्यात सत्तावीस माणसं राहायची, वर दोरीला सगळ्यांचे कपडे, भिंतीकडेनं सत्तावीस ट्रंका. सत्तावीस माणसं त्या जागेत एका वेळी आडवी होऊच शकत नाहीत. पहिल्या पाळीवाला उठून गेला की त्याच पथारीवर रात्रपाळीवाला येऊन पडायचा, अंथरूण गार व्हायच्या आत. ओब्लोमोवकडे चार खोल्या होत्या, त्यातल्या तीन खोल्या सामानावर आच्छादनं टाकून बंद, आणि तो एकीत पडलेला. आमच्याकडे पडायचीसुद्धा पाळी होती. पावसाळ्यात गॅलरीत पाणी यायला लागलं की निम्मी माणसं जिन्यात बसून झोपायची.

दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची. साडेबाराला माझी शेवटची पंगत. चौतीस मेंबर होते माझ्याकडे, संपाच्या वेळी. आम्ही मेंबरच म्हणायचो, गिऱ्हाईक नाही. पहाटे चारला उठून पहिल्या पाळीचे डबे, मग दुपारची पंगत, मग रात्रीची. वाटण रोज पाट्यावर, मिक्सर मी १९९१ साली घेतला. भाकरीचं पीठ मळताना हाताला जो पीळ पडायचा तो आजही उजव्या मनगटात आहे, थंडीत दुखतो. साचेखात्यातली माणसं जेवताना मोठ्यानं बोलायची. नवीन बाईला वाटायचं भांडतात. साच्यांच्या आवाजात दिवसभर उभं राहून त्यांचे कान गेलेले असायचे. आमचे मालक तर शेवटी ओठांकडे बघून ओळखायचे.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉ. दत्ता सामंत, सभा, मोर्चे, हे सगळं लिहिलेलं आहे, मी परत सांगत नाही. एवढंच सांगते की तो संप कुणी रीतसर मागे घेतला नाही, तो कधी संपला म्हणून कुणी सांगितलंच नाही. ही गोष्ट ज्यांनी संप बाहेरून पाहिला त्यांच्या लक्षात येत नाही, पण मला वाटतं सगळं तिथंच आहे. पुढे त्यावर बोलते.

संप लागल्यावर बरेच मेंबर गावाला गेले. जे राहिले ते पडून राहिले का? रिंगखात्यातला, म्हणजे सूतकताईतला, एक होता, सातारचा. तो चिवडा गल्लीत भट्टीवर लागला, पोहे भाजायला. संध्याकाळी जेवायला यायचा तेव्हा डोळे लाल आणि भुवया करपलेल्या. एकानं भायखळ्याहून भाजी आणून नाक्यावर विकली. दोघं गोदीत हमालीला जायचे, नंबर लागला तर लागला. एक जण लोकलमध्ये सुयांची पाकिटं विकायचा, ओळखीचं माणूस दिसलं की पुढच्या स्टेशनला डबा बदलायचा. बायकांनी तर काय काय केलं त्याची मोजदादच नाही. शिवण, उदबत्त्या वळणं, दुसऱ्यांकडची भांडी. आमच्या चाळीत घराघरातून काम चाललेलं असायचं, फक्त त्याला भोंगा नव्हता आणि मस्टर नव्हतं, म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

एवढं सांगून मला थांबता आलं असतं. पण तुमच्या लेखकांच्या वाक्यात जेवढं खरं आहे तेवढं मी नाकारणार नाही. ते नाकारलं तर कादंबरीवर आणि आमच्या मालकांवरही अन्याय होईल.

हे संपाच्या आधी कधी बसून राहिले नाहीत. रविवारी सुट्टी असली तरी चाळीच्या नळाचा वायसर बदलायचे. संप लागला तेव्हा पहिलं वर्षभर मोर्चे, गेट मीटिंगा. मग हळूहळू सगळं गेलं. त्यांना दोनदा बाहेर काम मिळत होतं. एकदा भिवंडीला पॉवरलूमवर, एकदा एका सोसायटीत वॉचमन म्हणून. दोन्ही वेळा उद्या सांगतो म्हणाले. तो उद्या आला नाही. गॅलरीतल्या खाटेवर बसून रस्त्याकडे बघायचे. मला राग यायचा. मी पहाटेपासून उभी आणि हा माणूस बसलेला. एकदा मी नको ते बोलले, मेंबरांसमोर बोलले, ते अजून मला बोचतं.

१९८६ साली गिरणीकडून राहिलेल्या पैशांसाठी अर्ज करायचा होता. ग्रॅच्युइटी, फंड. गिरणीचं नाव मी इथे लिहीत नाही. चाळीतल्या सगळ्यांनी अर्ज केले. हे फुलस्केप कागद घेऊन बसले, वर ‘मे. मॅनेजरसाहेब यांचे सेवेशी’ असं सुंदर अक्षरात लिहिलं. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. मग लिहिलं, ‘विनंती अर्ज करतो की, मी आपल्या गिरणीत अमुक सालापासून काम करत असून, तरी माझा हिशेब मिळावा, तरी मेहेरबानी करून...’ आणि थांबले. दोन ‘तरी’ झाले म्हणाले, बरं दिसत नाही. कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला. त्यात ‘की’ दोनदा आला. तिसरा घेतला. रात्री अकराला चार कागद चुरगळलेले आणि अर्ज नाही. मी म्हटलं, त्यांना काय व्याकरण बघायचंय? तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

चौतीस वर्षांनी, लॉकडाऊनमध्ये, माझी मुलगी वाचत होती. ओब्लोमोव घरमालकाला पत्र लिहायला बसतो. दौतीत शाई जेमतेम. दोन ओळी लिहितो आणि अडतो, कारण वाक्यात ‘जो’ दोनदा आलाय, मग ‘की’ दोनदा येतो. ते नीट करायला जातो, तर दुसरीकडे बिघडतं. शेवटी कागद फाडतो. मुलगी वाचताना हसली, तिला तो प्रसंग मजेदार वाटला. तिनं वर बघितलं तर माझ्या डोळ्यांतून पाणी चाललेलं. तिला माहीत नव्हतं, ती तेव्हा सात वर्षांची होती, झोपलेली होती.

तेव्हा मला समजलं की व्याकरणाची गोष्ट नव्हतीच. ते पत्र पुरं करायचं तर घर सोडायची वेळ आलीय हे ओब्लोमोवला मान्य करावं लागणार. आणि यांचा अर्ज पुरा झाला तर यांचं नाव मस्टरवरून जाणार. हिशेब मागणं म्हणजे गिरणी संपली हे स्वतःच्या अक्षरात लिहून देणं. दर सहा महिन्यांनी आवई उठायची की अमुक गिरणी चालू होणार, गेट उघडणार, जुन्या लोकांना आधी घेणार. भिवंडीला गेलेला माणूस त्या दिवशी गेटवर नसेल तर? म्हणून हे बसून होते. ते वाट बघत होते. मागे घेतलाच नाही तो संप माणसाला कुठे जाऊ देतो? गावाला जाऊ देत नाही आणि दुसऱ्या कामालाही लागू देत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला दोघंही खाटेवरच दिसतात, हे मला मान्य आहे. पण ओब्लोमोवला सगळं आयतं मिळालं म्हणून त्याला ठरवता आलं नाही. आमच्या मालकांना ठरवायला जे लागतं तेच कुणी तरी कुलपात ठेवलेलं होतं. लेखकांनी दोघांना एका नावानं हाक मारली, ती मला चालत नाही. ओल्गानं, जिच्याशी ओब्लोमोवचं लग्न व्हायचं होतं आणि झालं नाही, तिनं त्याला सोडताना विचारलंय की तुझं वाटोळं कशानं झालं, त्याला काही नाव आहे का? तो हळूच म्हणतो, आहे, ओब्लोमोवपणा. त्याला नाव माहीत होतं, आणि ते त्याच्याच आडनावाचं, त्याच्याच गावाचं होतं. आमच्या मालकांना कुणी तसं विचारलं असतं तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नसतं.

अर्ज शेवटी मीच लिहिला. दोन ‘तरी’ ठेवून लिहिला. यांनी सही केली, ती मात्र पहिल्या फटक्यात केली. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाचे अर्ज निघाले, तेव्हाही उद्या उद्या चाललं होतं. ईएसआयचं कार्ड शोधायचं, फंडाची पावती शोधायची. मीच ट्रंक उपसली, रांगेत उभी राहिले, फॉर्म भरला. २०१२च्या सोडतीत आमचं नाव आलं नाही. यादी लागली त्या दिवशी हे गॅलरीत तसेच बसलेले, मला म्हणाले, ‘तू दमलीस, बस जरा.’ २०१४ साली गेले.

आता ज्यासाठी मला हे पत्र खरं तर जास्त लिहावंसं वाटलं ते सांगते. लेखात ओब्लोमोवच्या शेवटच्या वर्षांबद्दल एवढंच आहे की तो ‘एका विधवेच्या घरी’ राहायला जातो. तिला नाव आहे. अगाफ्या मात्वेयेव्ना. पीटर्सबर्गच्या एका टोकाला, व्हीबोर्ग भागात तिचं घर, दोन मुलं, कोंबड्या, परसबाग. ओब्लोमोव तिथे भाडेकरू म्हणून येतो आणि दाराच्या फटीतून तिची उघडी कोपरं बघत बसतो. ती काही ना काही कुटत असते, दळत असते, मळत असते, आणि तिची कोपरं एकसारखी पुढे-मागे हलत असतात. मुलीनं हे वाचलं तेव्हा मला पाट्यावर बसलेल्या सासूबाई दिसल्या. गोंचारोव वीस-तीस वर्षं सरकारी नोकरीत होता, धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, वोल्गाकाठच्या सिम्बिर्स्कचा. त्यानं कुठे तरी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हे नीट बघितलं असणार. त्याशिवाय असं लिहिता येत नाही.

ती त्याला जेवू घालते, त्याचे कपडे नीट करते, त्याचा तो झगा धुऊन, डाग काढून, ठिगळ लावून परत त्याच्या अंगावर आणते. मग तिचा भाऊ आणि ओब्लोमोवकडे येणारा त्याचा गाववाला तारांत्येव मिळून ओब्लोमोवकडून दहा हजार रूबलच्या कर्जाचा कागद लिहून घेतात, तिच्या नावानं, आणि तिच्याकडून तेवढ्याचाच कागद भावाच्या नावानं. ती भाऊ म्हणेल तिथे सही करते. गावचं उत्पन्न सगळं भावाच्या घशात जायला लागतं, घरात काही उरत नाही. तेव्हा ती काय करते? आधी स्वतःचे मोती गहाण टाकते. मग चांदी. मग स्वतःचा थंडीचा कोट. त्या गावातल्या थंडीत. ओब्लोमोवच्या ताटात कमी पडू नये म्हणून. आणि त्याला कळूही देत नाही. त्याचा मित्र श्टोल्त्स येतो, त्याला सुगावा लागतो, तो सगळं सरळ करतो. श्टोल्त्स चांगला माणूस, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो गाडीत बसून येतो, दोन दिवसांत नीट करून जातो. मोती त्याच्या आधी गेलेले असतात.

१९८२च्या जूनमध्ये मी माझ्या पाटल्या ठेवल्या. चार तोळ्यांच्या, आईनं घातलेल्या. चौतीस जणांचं दोन्ही वेळचं उधारीवर घालायचं, तर तांदूळवाला उधारीवर किती दिवस देणार? आमच्या भागात १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं, त्यामुळे व्याजी सावकारापासून बऱ्याच जणी सुटल्या होत्या. पण संप एवढा लांबेल हे कुणाला माहीत? लालबाग, परळ, डिलाईल रोड, सगळीकडे बायकांनी असंच केलं. अडीच लाख माणसांचा संप वर्षभर चालला असं लिहितात. तो जेवल्याशिवाय चालला नाही.

म्हणून मला वाटतं, या कादंबरीला आळसाची कादंबरी म्हणताना जरा थांबावं. तिच्यात एक माणूस आडवा आहे हे खरं. पण त्याच्याभोवती पानापानावर काम चाललंय. कुणी मोजे घालतंय, कुणी झगा शिवतंय, कुणी कॉफी दळतंय, कुणी कुठे तरी शेतात राबून ते सात-दहा हजार पाठवतंय. एक माणूस इतकी वर्षं पडून राहू शकतो तो त्यांच्या जिवावर. ओब्लोमोव झोपेतच जातो. त्यांचा मुलगा आंद्रेई श्टोल्त्सकडे वाढायला जातो. झाखार चर्चच्या दारात भीक मागताना सापडतो, श्टोल्त्स त्याला गावाला ठेवायला तयार असतो, पण तो धन्याच्या थडग्याजवळून हलत नाही. आणि अगाफ्या तिच्याच घरात, भावाच्या बायकोच्या हाताखाली, चुलीपाशी. गावचं उत्पन्न तिच्यापुढे ठेवतात तर ती घेत नाही, ते पोरासाठी ठेवा म्हणते. हे वाचलं त्या दुपारी मुलीनं पुस्तक मिटलं आणि आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही.

माझी संपादकांना विनंती आहे. हे पत्र मोठं झालंय, कापायचं असेल तर बाकी काहीही कापा, पण त्या साडेतीनशे जीवांचा आणि गाळ्यातल्या पथारीचा मजकूर ठेवा. आणि लेखकांना माझा निरोप द्या. संपाच्या वर्षाची माझी उधारीची वही अजून ट्रंकेत आहे, लाल कापडी बांधणीची. चौतीस नावं आहेत. कुणी १९८३ला आलं, कुणी १९८९ला, सातारचा तो भट्टीवाला १९८६च्या दिवाळीत २१४ रुपये आणि गुळाची ढेप घेऊन आला. पैसे घेऊन मी वही पुढे करायची, आपल्या नावावर ज्यानं त्यानं आपल्या हातानं रेघ मारायची, अशी सासूबाईंची पद्धत होती. एकोणतीस नावांवर रेघ आहे. राहिलेल्या पाचांतले तिघे वारले हे मला पक्कं माहीत आहे. लेखकांना वही बघायची असेल तर माझा पत्ता पाकिटावर आहे. दुपारी चारनंतर मी घरीच असते.

आपली,
एक खाणावळवाली,
लालबाग, मुंबई